ओसरत्या पाण्याचे पाहुणे

वर्धा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही आणि येथील मोठे जलसाठे बहुतांशी मानवनिर्मित आहेत. सेलू तालुक्यातील बोर, आर्वी तालुक्यातील महाकाळी येथील धाम, तसेच पोथरा यांसारखे प्रकल्प सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी उभारले गेले. तथापि दरवर्षी दिवाळी उलटली की हिमालयापलीकडून येणारे पाणपक्षी अशाच जलाशयांवर उतरतात आणि उन्हाळ्याची चाहूल लागताच परततात. अन्नासाठी ठरावीक ऋतूत ठरावीक पाण्याकडे परतण्याची ही रीत प्राणिसृष्टीत अन्यत्रही आढळते. हंपबॅक जातीचे बहुतेक देवमासे उन्हाळ्यात थंड प्रदेशांतील समुद्रात चरतात आणि पिलांना जन्म देण्यासाठी उष्ण समुद्राकडे जातात. आपल्या हिवाळी पक्ष्यांचा क्रम याच्या उलट आहे. त्यांची पिले उत्तरेकडे जन्मतात आणि हिवाळ्यातील अन्न ते आपल्याकडे शोधतात.

पर्वतापलीकडील प्रवासी

या पाहुण्यांमध्ये पट्टकादंब हा हंस विशेष लक्षणीय होय. पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांमुळे तो सहज ओळखता येतो. मंगोलिया, तिबेट व लडाख येथील सरोवरांच्या परिसरात त्याची वीण होते. तेथील पाणी गोठू लागले की अन्न दुर्मीळ होते आणि थवे दक्षिणेकडे निघतात. मंगोलियात मानेला खुणेचे पट्टे बांधलेले हंस भारतात आढळल्याने या प्रवासाचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला आहे.

उपग्रहाद्वारे माग घेणाऱ्या यंत्रांनी या प्रवासावर अधिक प्रकाश टाकला. या हंसाच्या उड्डाणाची ७,२९० मीटर उंचीपर्यंत नोंद झाली असली, तरी सुमारे ९५ टक्के नोंदी ५,५०० मीटरच्या खालच्या आहेत. म्हणजे हा पक्षी शिखरांवरून नव्हे, तर शक्यतो खिंडींतून व दऱ्यांतून मार्ग काढतो. तो बहुधा रात्री किंवा पहाटे उडतो. कारण थंड हवा अधिक दाट असते आणि पंखांना आधार देते. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू चांगल्या रीतीने धरून ठेवते.

पट्टकादंबासोबतच चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चक्रांग आदी बदके आणि चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे लहान पक्षीही हिवाळ्यात येतात.

अन्न काठावर असते

धरणात पाणी भरपूर असले की पक्षीही भरपूर येतील, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. तलवार बदक किंवा चक्रांग पाण्यात खोल बुडी मारत नाहीत. शेपूट वर करून, मान पाण्याखाली घालून ते तळाचे बी व वनस्पती खातात. त्यांची मान पोहोचेल इतकेच उथळ पाणी त्यांना उपयोगी पडते. चिखलातील किड्यांवर जगणाऱ्या पक्ष्यांना त्याहूनही उथळ, नुसता ओला काठ लागतो. पट्टकादंब दिवसा पाण्यावर वा काठावर विसावतो आणि बहुधा रात्री गवत व कोवळी पिके चरतो.

येथे सिंचनाचा व पक्ष्यांचा संबंध जुळतो. पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला जलाशय रब्बीच्या पाणीपाळ्यांबरोबर टप्प्याटप्प्याने उतरतो. पाणी मागे हटते तसा ताजा चिखल उघडा पडतो, कोवळे गवत उगवते आणि उथळ पाण्याची पट्टी पुढे सरकत राहते. कालव्याच्या प्रत्येक पाळीबरोबर पक्ष्यांचे ताट जणू नव्याने वाढले जाते. म्हणून जलाशयाचे मोल केवळ साठ्याच्या आकड्यावरून ठरत नाही. त्याच्या काठाचाही विचार करावा लागतो.

काठावरील हक्क आणि जबाबदारी

हाच काठ माणसालाही हवा असतो. बुडीत क्षेत्रातील ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर पिके घेतली जातात; मासेमार तेथे जाळी लावतात; गुरे पाण्यावर येतात; शेतांसाठी सुपीक गाळ उचलला जातो. ही सर्व कामे उपजीविकेची आहेत. काठच्या गहू-हरभऱ्याच्या शेतात हंसांचा थवा उतरला तर नुकसान शेतकऱ्याचे होते, हेही नाकारून चालणार नाही. पक्ष्यांसाठी माणसाला हटविणे हा उपाय नव्हे. काठाचा वापर आखून करणे हा उपाय होय.

असे नियोजन गावाच्या आवाक्यातील आहे. संबंधित विभागाशी विचारविनिमय करून उथळ काठाचा एखादा पट्टा नोव्हेंबर ते मार्च या काळात गाळपेरीविना ठेवता येईल. गाळ काढताना सर्व काठ उभा न कापता काही भाग उतरता ठेवावा. फाटलेली जाळी पाण्यात टाकून देऊ नयेत. त्यांत पक्षी अडकून मरतात. काठालगतच्या पिकांवर कीटकनाशकांचा वापर मर्यादित असावा. कारण तेच पाणी पुढे माणसांना व गुरांनाही प्यावयाचे असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदकांची व हंसांची शिकार हा गुन्हा आहे, याची माहितीही गावात सर्वांना असावी.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. या नोंदवहीत तलावावर येणाऱ्या पक्ष्यांची पाने शाळांच्या मदतीने भरता येतील. पहिला थवा कोणत्या तारखेस आला, कोणत्या जाती दिसल्या, संख्या अंदाजे किती होती, पाणी कोठवर उतरले होते आणि शेवटचा थवा केव्हा गेला, एवढ्या पाच नोंदी पुरेत. आशियातील पाणपक्ष्यांची गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. तिच्या सुमारास विद्यार्थ्यांनी आपल्या तलावावरील मोजणी केल्यास भूगोल, विज्ञान व गणित या तिन्ही विषयांचा पाठ एकाच काठावर होईल.

एका वर्षाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही. पक्षी कमी येण्याचे कारण येथील काठावर असू शकते, तसेच मंगोलियातील दुष्काळातही असू शकते. परंतु आठ-दहा वर्षांची सलग नोंद हाती असेल, तर गाळपेरीचा पट्टा कोठे आखावा आणि गाळ कोठून काढावा, याचा निर्णय ग्रामसभेला अंदाजावर सोडावा लागणार नाही.