पश्चिम नौदल कमान : स्थापना आणि कसोटी

वैनगंगेचे पाणी प्राणहिता व गोदावरी या नद्यांमधून बंगालच्या उपसागरास मिळते. भंडारा जिल्ह्याचा समुद्राशी निसर्गतः संबंध येतो तो असा पूर्वेकडे. राज्याचा किनारा मात्र पश्चिमेस आहे. नौदलाची विभागणीही या दोन समुद्रांस अनुसरून झाली. १ मार्च १९६८ रोजी विशाखापट्टणम येथे पूर्व आणि मुंबई येथे पश्चिम नौदल कमान अस्तित्वात आली. मुंबईतील नौदलाच्या तळास सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव १९५१ मध्येच देण्यात आले होते.

तत्पूर्वी, १९६५ च्या युद्धात व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण नौदलप्रमुख होते. पोरबंदरच्या उत्तरेस आक्रमक हालचाल करू नये, असे शासनाचे निर्बंध त्यांच्यावर होते. पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. त्याचे प्रत्युत्तर देता आले नाही. हे शल्य नौदलात दीर्घकाळ राहिले.

१९७१ मध्ये कमानीची सूत्रे व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली यांच्याकडे होती. सोव्हिएत बनावटीच्या लहान क्षेपणास्त्र नौका मुळात बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या. त्यांचा पल्ला तोकडा. त्याच नौका मोठ्या युद्धनौकांच्या सोबतीने थेट कराचीवर धाडण्यात आल्या. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ यांनी हल्ला चढविला; पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली. ८ डिसेंबरच्या रात्री ‘विनाश’च्या माऱ्याने केमारी येथील तेलाच्या टाक्या पेटल्या.

कराचीचा पराक्रम सांगताना बहुधा पुढचा दिवस गाळला जातो. शत्रूच्या पाणबुडीचा माग काढण्यासाठी मुंबईहून पाठविलेली ‘खुकरी’ ९ डिसेंबर रोजी दीवनजीक ‘हंगोर’ पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली. १८ अधिकारी व १७६ नाविक कामी आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. विजय आणि ही हानी, दोन्ही एकाच मुख्यालयाच्या आदेशांतून घडली. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जबाबदारीचे स्वरूप यातून ध्यानात यावे.

त्याच युद्धात पूर्वेकडे ‘कमोर्ता’ युद्धनौकेचे नेतृत्व करून वीरचक्र मिळविणारे मनोहर आवटी पुढे पश्चिम कमानीचे प्रमुख झाले व १९८३ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर ते सातारा जिल्ह्यातील विंचुर्णी या खेड्यात राहू लागले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या मोहिमेची कल्पना त्यांचीच. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ती २०१० मध्ये पूर्ण केली. समुद्रापासून दूर असलेल्या त्या खेड्यातच आवटी यांनी आयुष्याची अखेरची वर्षे घालविली.