आधाराचे हात

मेथॅम्फेटामाइन हे रसायनांपासून बनवलेले उत्तेजक द्रव्य आहे. ते मेंदूतील डोपामाइनचे प्रमाण बेसुमार वाढवते. काही काळ भूक, झोप, थकवा जाणवत नाही. पुढे मात्र त्या द्रव्याविना कशातच आनंद वाटेनासा होतो. हे व्यसन हमखास सोडवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. समुपदेशन, वर्तनोपचार आणि माणसांचा आधार हीच उपचाराची मुख्य साधने होत. म्हणूनच पुण्यातील 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राचा अनुभव मोलाचा ठरतो.

१९८०च्या दशकात ब्राऊन शुगर, अर्थात 'गर्द', तरुणांना ग्रासू लागली. अनिल अवचट यांनी त्यावर लेखन केले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले.

व्यसनी माणूस गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही येथील कामाची बैठक. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण येथे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा आधारगट उभा राहिला. कारण व्यसन एकाचे असले, तरी त्याची झळ साऱ्या घराला लागते.

उपचार घेऊन माणूस घरी परततो, तेव्हा त्याची खरी कसोटी सुरू होते. जुने मित्र बोलावतात, मन डळमळते. क्वचित पाऊल पुन्हा घसरते. अशा वेळी शेजाऱ्यांनी टोमणे मारले, तर तो पुन्हा व्यसनाकडेच वळण्याचा धोका असतो. त्याला उपचारांकडे परत नेणारा हात आपलाही असू शकतो.

विचार करा : व्यसनमुक्त होऊन परतलेल्या शेजाऱ्याशी तुम्ही कसे वागाल?