एका दिवसाची सहल : स्थळनिवडीचा विचार

सहलीला जावे की न जावे, याविषयी विद्यार्थ्यांत सहसा मतभेद नसतो; मतभेद असतो तो कोठे जावे याविषयी. वर्गात हा प्रश्न निघाला की ज्याचा आवाज मोठा त्याचे स्थळ ठरते, अथवा ज्याचे नाव अधिक वेळा कानांवर आले ते स्थळ ठरते. भूमितीतील सिद्धान्त जसा मोठ्याने ओरडून सिद्ध होत नाही, तशीच स्थळाची निवडही ओरडून योग्य होत नाही. तिलाही काही नियम आहेत. ते कोणते, याचा विचार एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊन करावा, असे आम्ही योजिले आहे.

उदाहरण आपल्या नागपूरचेच घेऊ. हे शहर 1861 पासून मध्यप्रांताच्या व पुढे मध्यप्रदेशाच्या राजधानीचे होते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मान गेला, आणि 1960 पासून ते महाराष्ट्राची उपराजधानी म्हणून ओळखले जाते. राजधानीच्या शहरात कचेऱ्या, न्यायालये, संग्रहालये व बाजार यांची वाण नसते. म्हणून शहरात जे आहे तेच पाहावयास बाहेर जाणे व्यर्थ होय. पूर्वेस हावड्याच्या लोहमार्गाने सुमारे 130 किलोमीटर गेले म्हणजे गोंदिया लागते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. भात, तलाव आणि अरण्य ही त्याची तीन लक्षणे. या जिल्ह्यातील कोणते स्थळ एका दिवसात पाहण्याजोगे आहे, हा आपला प्रश्न.

पहिला विचार वेळेचा. आपण अंतर किलोमीटरांत मोजतो. सहलीचे अंतर तासांत मोजले पाहिजे. सकाळी सहाला निघून रात्री आठाला परतावयाचे ठरविले, तर हाती चौदा तास येतात. त्यांतून जाण्यायेण्याचे तास वजा करावे; भोजन, विश्रांती व मुलांची मोजदाद यांसाठी आणखी दीड तास वजा करावा; उरेल ती खरी सहल. नवेगाव बांध मोटारीच्या रस्त्याने भंडारा, साकोली व कोहमारा या मार्गे सुमारे 150 किलोमीटर आहे. जातायेता साडेसहा तास धरले, तर पाहण्यास सहा तास उरतात. हे पुरेसे आहेत.

आता याच रीतीने दरेकसा घेऊ. सालेकसा तालुक्यातील या लहानशा स्थानकाजवळ हाजरा धबधबा आहे, आणि त्याच डोंगरांत कचारगडची विशाल गुहा आहे. ही गुहा गोंड समाजाचे पवित्र स्थान असून माघ पौर्णिमेच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. स्थळ खरोखर पाहण्याजोगे. परंतु ते गोंदियाच्याही पुढे सुमारे 50 किलोमीटर. नागपुराहून जातायेता आठ तासांहून अधिक जातील, गुहेकडे जाण्यास डोंगर चढावा लागेल, आणि लहान स्थानकावर थांबणाऱ्या गाड्याही थोड्या. उरलेल्या तीनचार तासांत मुले धापा टाकीत चढतील व धापा टाकीत उतरतील. गोंदियाच्या मुलांस जे एका दिवसाचे स्थळ आहे, तेच नागपूरच्या मुलांस दोन दिवसांचे आहे. तात्पर्य, स्थळ चांगले असणे एक आणि आपल्यासाठी योग्य असणे दुसरे.

येथे कोणी विचारील, वेळच मोजावयाचा तर रामटेकच का नको? ते अवघ्या पन्नास किलोमीटरांवर आहे. हा प्रश्न रास्त आहे, आणि लहान वर्गांसाठी आमचेही उत्तर रामटेक असेच आहे. परंतु वरच्या वर्गांस दुसरा विचार करावा लागतो. तो म्हणजे स्थळाच्या प्रश्नाचा.

प्रत्येक चांगल्या स्थळापाशी एक प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर तेथे गेल्यावाचून नीट कळत नाही. हा प्रश्न निघण्यापूर्वी वर्गात मांडता आला पाहिजे. नवेगाव बांधाचा प्रश्न असा : ज्या प्रदेशात पाऊस पुष्कळ पडतो, त्या प्रदेशात लोकांनी इतके तलाव का बांधिले? पुस्तकात आपण शिकतो की पाणी दुष्काळी मुलखात साठवावे लागते. येथे तर पाऊस विपुल. मग ही खटपट कशाला?

याचे उत्तर भाताच्या पिकात आहे. धानाची रोवणी भर पावसात होते. पण लोंब्या भरण्याच्या वेळी पावसाने ओढ दिली, तर आलेले पीक हातचे जाते. पाऊस एकंदर किती पडला यापेक्षा तो वेळेवर पडला की नाही, यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. तेव्हा जुलैचे पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवणे हाच उपाय. या कामात कोहळी समाज निष्णात होता. जमिनीचा उतार ओळखावा, दोन टेकड्यांमधील खिंड हेरावी, तेवढ्याच जागी मातीची पाळ घालावी, आणि जास्तीचे पाणी निघून जाण्यास सांडवा ठेवावा, ही त्यांची विद्या. नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधिला, अशी परंपरा आहे. भोवतालच्या टेकड्यांस लोक सात बहिणी म्हणतात. पाळीवर उभे राहून पाहिले म्हणजे कळते की, निसर्गाने भिंतीचा बहुतेक भाग बांधूनच ठेविला होता. मनुष्याने केवळ उघडी दारे लाविली. यंत्र नाही, सिमेंट नाही. आणि तरीही सुमारे अकरा चौरस किलोमीटर पाणी अडविले. हे दृश्य फळ्यावर काढून दाखविता येत नाही.

याच तलावांस पुढे मालगुजारी तलाव म्हणू लागले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले; म्हणून आज त्यांस माजी मालगुजारी, अथवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणतात. ज्याची मालकी आहे त्याने गाळ काढावा, पाळ दुरुस्त ठेवावी, हा व्यवहार मालकी बदलताच कसा बदलतो, हा नागरिकशास्त्राचा धडा तेथील कोणत्याही वृद्ध शेतकऱ्याजवळ दहा मिनिटे बसल्याने मिळेल. मात्र नम्रपणे विचारावे आणि सांगितलेले लिहून घ्यावे.

तिसरा विचार ऋतूचा. नवेगावचे अरण्य 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. पावसाळ्यात गाभ्यातील अरण्य पाहुण्यांस बंद असते. उन्हाळ्यात ऊन असह्य होऊन तलाव आटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. तेव्हा दूरदेशीची बदके तलावावर उतरतात, आणि आरंभीच गेल्यास धानाची कापणीही पाहावयास मिळते. सारस पक्षी महाराष्ट्रात आता प्रामुख्याने याच जिल्ह्यात उरला आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत उंच. तो जोडीने राहतो, पाणथळ जागी वा पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत घरटे करतो आणि बहुधा दोनच अंडी घालतो. म्हणजे त्याची पिले वाचणे शेतकऱ्याच्या दयेवर आहे. तो दिसेलच असे वचन कोणी देऊ नये. परंतु ज्या शेतात तो राहतो ते शेत तरी पाहता येते.

नागझिऱ्याविषयी मुलांचा आग्रह असतो. कारण तेथे वाघ आहे. आमचे मत असे की एका दिवसाच्या सहलीस ते योग्य नाही. पहाटेची फेरी साधावयाची तर आदल्या रात्री जवळ मुक्काम हवा. वाहने मोजकी व आगाऊ ठरविलेली. आणि चाळीस मुलांचा वर्ग तेथे शांत राहील, ही आशा वर्गशिक्षकही करणार नाहीत. वाघ न दिसल्यास मुले सहल फुकट गेली असे म्हणतात. ज्या स्थळाचे यश एकाच प्राण्याच्या मर्जीवर आहे, ते वर्गासाठी निवडू नये.

चौथा विचार एकाग्रतेचा. नवेगावपासून इटियाडोह धरण फार दूर नाही. त्याच भागात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आमगावजवळ पदमपूर आहे, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मते संस्कृत नाटककार भवभूतीचे पद्मपूर ते हेच. ही सर्व स्थळे वाचून कोणाचेही मन म्हणेल की सगळीच उरकून घेऊ. हा मोह आवरावा. चार स्थळे पाहणारा मनुष्य बहुतेक दिवस गाडीच्या खिडकीतून पाहतो. एक स्थळ निवडावे, बाकीची पुढील वर्गांसाठी ठेवावी. निघण्यापूर्वी त्या स्थळाविषयी एक पुस्तक वाचावे. नवेगावविषयी मारुती चितमपल्ली यांचे ‘नवेगावबांधचे दिवस’ आहे. वनाधिकारी म्हणून ते तेथे राहिले होते. सहा तासांच्या पाहुण्याने वर्षांच्या रहिवाशाचे डोळे उसने घेण्यात कमीपणा नाही.

पाचवा विचार आम्ही शेवटी ठेविला आहे. परंतु तो सर्वांत थोर आहे. स्थळ ठरविताना, तेथे कोण जाऊ शकणार नाही, हे आधी पाहावे. प्रत्येक वर्गात अशी मुले असतात की वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहिला जाताच ती खाली पाहू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सांगतात की घरी काम आहे. आपण त्यावर विश्वास ठेवितो, कारण विश्वास ठेवणे सोयीचे असते. ज्याच्या पायास अधू आहे तो डोंगर नको म्हणत नाही, तो सहलच नको म्हणतो. म्हणून दूरचे वा खर्चाचे स्थळ निवडणे म्हणजे नकळत काही सोबत्यांस मागे ठेवणे होय. तलावाच्या पाळीवर सर्वांस हळूहळू चालता येते; शिधा घरून नेला तर खर्च प्रवासापुरताच राहतो; आणि तोही जड जात असेल तर रामटेकास सर्वांनी मिळून जावे, हे नवेगावास अर्ध्यांनी जाण्यापेक्षा शतपट बरे.

विद्यार्थी मित्रहो, पुढील सहलीचा विषय निघेल तेव्हा प्रथम स्थळाचे नाव घेऊ नका. आधी फळ्यावर पाच ओळी लिहा : किती तास उरतील, कोणता प्रश्न घेऊन जाणार, ऋतू कोणता, एकच स्थळ कोणते, आणि कोण मागे राहील. पाचव्या ओळीपुढे एकही नाव राहिले नाही, म्हणजे निघण्याचा दिवस ठरवावा.