खाडीवरची एक रात्र

इंग्लंड आणि फ्रान्स या देशांच्या दरम्यान जो समुद्र आहे, त्यास इंग्लिश खाडी असे म्हणतात. मोठ्या आगबोटी ही खाडी काही तासांतच ओलांडतात. परंतु दहा मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेतून चार माणसे निघाली, म्हणजे त्यांना बहुधा सारी रात्र उघड्या समुद्रावर काढावी लागते.

इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट नावाचे बेट आहे. त्याच्या पश्चिम टोकास खडूचे पांढरे सुळके समुद्रातून वर आलेले दिसतात. तेथून फ्रान्सचे शेरबुर बंदर सुमारे ६० सागरी मैल दूर आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. ताशी पाच सागरी मैल वेगाने जाणाऱ्या नौकेस ही वाट कापण्यास बारा तास लागतात.

मग हे नाविक सकाळीच का निघत नाहीत? कारण असे, की खोल समुद्रात खडक नसतात. ते असतात किनाऱ्याजवळ. सकाळी निघावे आणि वाटेत वारा पडावा, तर नेमका बंदराजवळ अंधार गाठतो. सायंकाळी निघाले, तर अंधाराची वेळ खोल पाण्यावर जाते. पहाटेपूर्वी समोरच्या किनाऱ्यावरील दीपगृहे दिसू लागतात आणि बंदरात शिरावे तो लख्ख उजाडलेले असते.

निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते. या खाडीतील पाणी सुमारे सहा तास पूर्वेकडे वाहते व पुढचे सहा तास पश्चिमेकडे. काही ठिकाणी हा प्रवाह ताशी तीन सागरी मैलांहूनही वेगवान असतो. त्यामुळे मध्यरात्री नौका सरळ रेषेपासून कित्येक मैल बाजूला गेलेली असते. नवखा नाविक हे पाहून घाबरतो आणि प्रवाहाशी झुंजू लागतो. त्यात फुकट वेळ जातो. जाणता नाविक दोन्ही प्रवाहांचा हिशेब आधीच करून एक दिशा ठरवतो आणि होकायंत्राचा काटा त्या दिशेवर धरून राहतो. पाण्याने एकीकडे नेलेली नौका पाणीच पुन्हा माघारी आणते.

अंधार पडला, की पहाऱ्याच्या पाळ्या सुरू होतात. दोघे जागतात, दोघे निजतात. तीन तासांनी पाळी बदलते. जागणाऱ्यांच्या कमरेचा व खांद्याचा पट्टा दोरीने नौकेस बांधलेला असतो. रात्री पाण्यात पडलेल्या माणसाचे डोके लाटांत शोधणे फार कठीण. म्हणून सोबत्यास सांगितल्यावाचून कोणीही आपली जागा सोडून पुढे जात नाही. नकाशा पाहण्यासाठी मंद तांबडा दिवा वापरतात. कारण प्रखर उजेडाने डोळे दिपले, तर ते अंधारास सरावण्यास पुन्हा वीस-तीस मिनिटे लागतात.

या खाडीत मालवाहू जहाजांची दाट रहदारी असते. प्रत्येक जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा आणि डोलकाठीवर पांढरा दिवा असतो. केवळ हिरवा दिवा दिसला, तर जहाजाची उजवी बाजू आपल्याकडे आहे. तांबडा व हिरवा असे दोन्ही दिसले, तर मात्र जहाज सरळ आपल्यावरच येत आहे! आणखी एक खूण आहे. होकायंत्रातून पाहता जहाजाची दिशा हळूहळू बदलत असेल, तर भिण्याचे कारण नाही. दिशा तीच राहून दिवे मोठे होऊ लागले, तर टक्कर होण्याचा संभव असतो. अशा वेळी निजलेल्या सोबत्यांना उठवण्यास संकोच करू नये.

आता उपग्रहांच्या साहाय्याने आपली जागा दाखवणारी यंत्रे लहान नौकांतही असतात. तरीही सावध नाविक दर तासाला वेळ, दिशा व कापलेले अंतर वहीत लिहून ठेवतो. यंत्र बंद पडले, तर त्याच नोंदीवरून नकाशावर आपली जागा काढता येते.

उत्तररात्री दक्षिणेच्या क्षितिजावर एक अंधुक उजेड चमकतो. दर दहा सेकंदांनी लागोपाठ दोन झोत! ही बार्फ्लरजवळच्या गातव्हील दीपगृहाची खूण. १८३५ साली उजळलेला हा मनोरा सुमारे ७५ मीटर उंच आहे. प्रत्येक दीपगृहाची अशी स्वतःची खूण असल्यामुळे नाविक अंधारातही किनारा ओळखू शकतो. आपल्याकडे अलिबागजवळ खांदेरी बेटावर १८६७ साली बांधलेले दीपगृह आहे. तेही दर्यावर्दींना असाच मार्ग दाखवते.

हळूहळू पूर्व उजळते. शेरबुरचा लांबच लांब दगडी बांध धुक्यातून वर येतो. शीड उतरते, नांगर पडतो आणि चारही माणसे चहासाठी एकत्र बसतात. रात्रभर कोणीच सलग झोपलेले नसते. पण ज्या वेळी जो निजला, तो निर्धास्त निजला. कारण आपल्यासाठी कोणी तरी जागे आहे, हे त्यास ठाऊक होते.

स्वाध्याय

१. लहान नौकेतील नाविक सायंकाळी का निघतात?
२. नवखा नाविक आणि जाणता नाविक यांच्या वागण्यातील फरक सांगा.
३. तांबडा व हिरवा दिवा एकाच वेळी दिसला, तर त्यावरून काय समजावे?
४. 'आपल्यासाठी कोणी तरी जागे आहे' असे रोजच्या जीवनात कोणाविषयी म्हणता येईल? पाच-सहा ओळी लिहा.