व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिका सदस्य : जोतीराव फुले

महात्मा जोतीराव फुले समाजसुधारक म्हणून सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी नोंदविली आहे. त्यांच्या जीवनाचा हा भाग आपल्या अभ्यासात सहसा येत नाही.

१८६३ मध्ये त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे पुण्याजवळील धरणाच्या कामाला बांधकाम साहित्य पुरविले. मांजरी येथे शेती केली. कोणाच्या पगारावर अवलंबून नसल्यामुळे सत्ताधाऱ्यांसमोर स्पष्ट बोलण्याचे बळ त्यांच्या ठायी होते.

१८७६ मध्ये पुणे नगरपालिकेवर त्यांची सदस्य म्हणून नियुक्ती झाली. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बत्तीस सदस्यांच्या सभागृहात विरोधी मत देणारे ते एकटेच होते. प्रस्ताव संमत झाला. परंतु करदात्याचा पैसा कोणासाठी, हा प्रश्न नोंदला गेला.

दोन वर्षांनी आयोगापुढे त्यांनी हाच प्रश्न अधिक व्यापकपणे मांडला. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा हिशेब त्यांनी व्यापाऱ्याच्या काटेकोरपणे दाखविला. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, या मागण्या त्यांनी केल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले. १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ त्यांनी जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला.

नशिराबादच्या या वसतिशाळेत शेतमजुराचे मूल पाटीवर पहिले अक्षर गिरविते, तेव्हा जोतीरावांच्या त्या एकट्या मताचे मोल कळते. येथून शिकून कोणी व्यापारात, कोणी नोकरीत, तर कोणी ग्रामपंचायतीत गेले. सार्वजनिक पैशाचा ठराव समोर आल्यावर आपण हात कोणाच्या बाजूने वर करतो, हे प्रत्येक माजी विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे.