जामीनदार मामाचे चार शब्द

भाच्याच्या शैक्षणिक कर्जाला मी जामीनदार होतो. सहा लाखांचं कर्ज, २०१२ साली मंजूर झालेलं. मेव्हण्यांची खटाव तालुक्यात कोरडवाहू जमीन, घरात दोन म्हशी. मी गावच्या दूध संस्थेत सचिव, दरमहा पगार घेणारा नात्यातला एकटाच. चार लाखांच्या वरच्या कर्जाला बँकेला त्रयस्थ माणसाची हमी लागायची. भाच्यासाठी मामानं सही करायची नाही तर कोणी करायची?

कर्जाचा बोजा बँकेत ठरतो असं आपल्याला वाटतं. माझा अनुभव सांगतो, तो ठरतो प्रवेशाच्या वेळी, बँकेची पायरी चढण्याच्या कितीतरी आधी. भाच्याची कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, पहिली फेरी झाली, मनासारखं कॉलेज लागलं नाही. त्याच आठवड्यात एक प्रवेश मिळवून देणारा गृहस्थ घरी आला. पुण्याजवळच्या एका खासगी कॉलेजात संस्थास्तरावरची जागा आहे, जिला लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात ती, दोन दिवसांत पैसे भरा, नाहीतर जाईल, असं म्हणाला. पुढच्या फेऱ्या बाकी होत्या. पण एक वर्ष वाया जाईल ही भीती फार मोठी असते. जागा घेतली. त्या जागेवर सरकारची फी-सवलत मिळत नाही, हे कॉलेज सुरू झाल्यावर समजलं. तोवर कर्जाचा पहिला हप्ता कॉलेजच्या खात्यात गेलाही होता.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या वर्षी पोराला वायडी लागली, म्हणजे एक वर्ष मागे पडलं. निकाल दाखवल्याशिवाय बँक पुढचे पैसे सोडत नाही, आणि व्याज काही कोणाच्या निकालासाठी थांबत नाही. अभ्यासक्रम पाच वर्षांचा झाला. २०१७ ला डिग्री हातात आली आणि चाकणला नोकरी लागली, पगार पंधरा हजारांच्या आत. खोलीभाडं आणि मेस जाऊन हप्त्याला काही उरत नव्हतं. वर्षभरात खातं थकीत झालं आणि नोटीस आली ती दोन नावांनी, एक त्याच्या आणि एक माझ्या. मी घरावर स्लॅब टाकायला कर्ज मागायला गेलो, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी संगणकाची स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं स्वतःचं एक रुपयाही देणं नव्हतं, तरी सिबिलच्या अहवालात माझ्या नावापुढे ते थकीत खातं होतं. बहिणीनं दोन्ही म्हशी विकल्या, मी भिशी मोडली, आणि तडजोडीनं खातं बंद केलं. तडजोडीनं बंद झालेलं खातं अहवालात 'सेटल्ड' म्हणून दिसतं, पूर्ण फेडलेलं म्हणून नाही. भाचा आज चांगला स्थिरावला आहे, पण घर घेताना तो शब्द त्याच्या आडवा आला.

आता आकडे मांडतो, कारण हे गणित आम्हाला कोणी वेळेवर करून दाखवलं नव्हतं. समजा वर्षाला दीड लाख, असे चार वर्षांत सहा लाख घेतले. व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो. पण सरळव्याज चालूच असतं आणि ते सुमारे २ लाख १० हजार होतं. हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवतात. म्हणजे फेडायला सुरुवात करताना कर्ज ८ लाख १० हजार. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये, आणि एकूण परतफेड पावणेतेरा लाखांच्या वर. तेच व्याज शिकतानाच भरत गेलात, पहिल्या वर्षी महिना साडेबाराशे आणि शेवटी पाच हजार, तर हप्ता ७,९०० च्या आसपास येतो. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्का सवलतही देतात. दूध घालणाऱ्या घरात दुधाचा पगार संस्थेकडून दर दहा दिवसांनी येतो. त्यातून साडेबाराशे बाजूला काढणं आम्हाला जमलं असतं.

माझ्या मुलीच्या वेळी आम्ही वाट बदलली. दहावीनंतर तिनं बारावी केली नाही, सरकारी पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला. तीन वर्षांचा डिप्लोमा, फी खासगीच्या मानानं अगदी कमी, आणि त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. नातेवाईक म्हणाले, एवढी टक्केवारी असून डिप्लोमा कशाला? पण बारावी, सीईटीचा क्लास आणि त्यापाठोपाठ चार वर्षांची फी, याच्या तुलनेत हा रस्ता फार स्वस्त पडतो. शिवाय मध्येच थांबावं लागलं तरी हातात नोकरी देणारा कागद असतो. आपल्याकडे डिप्लोम्याला उगाच कमी लेखतात, हे माझं ठाम मत आहे.

२०२४ ला ती थेट दुसऱ्या वर्षाला लागली, कॅपमधूनच. त्याच वर्षी राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलं. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिच्यात निम्मं शुल्क मिळतं. पण हे सारं कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना. संस्थास्तरावरची जागा किंवा खासगी अभिमत विद्यापीठ घेतलंत की ही दारं बंद. टीएफडब्ल्यूएस म्हणून आणखी एक सोय आहे. प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा, शिक्षणशुल्क माफ, उत्पन्नाची मर्यादा तीच आठ लाख, जातीची अट नाही. तिचा कोड ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो आणि पुष्कळ पोरं तो भरतच नाहीत.

योजना असणं आणि पैसे मिळणं यांत मोठं अंतर आहे. मुलीचा महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा अर्ज आम्ही वेळेत भरला. निश्चिंत होतो. एक दिवस सहज लॉगिन उघडलं, तर अर्ज कॉलेजकडून परत आलेला. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडला होता, एवढाच आक्षेप. आम्ही उघडून पाहिलं नसतं तर मुदत संपून अर्ज तसाच पडून राहिला असता. तेव्हापासून दर आठवड्याला अर्जाची स्थिती बघायची, असा घरात नियम आहे. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली रक्कमही खात्यावर येत नाही. अर्ज दरवर्षी नव्यानं करावा लागतो. आणि पात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशाच्या वेळीच पूर्ण फी मागू नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. कॉलेजच्या खिडकीवर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. फी किती घ्यायची हेही कॉलेज मनानं ठरवत नाही. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती जाहीर असते. ती पाहा, आणि पावतीशिवाय कोणी एक रुपया मागितला तर देऊ नका. कॅपिटेशन फीवर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्यानं बंदी आहे.

फीपेक्षाही खोली आणि मेस घर पोखरतात, विशेषतः पुण्या-मुंबईत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलांना राहायला जागा देते आहे. सातारकर म्हणून मला एक गोष्ट फार जवळची वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, आणि तिथे पोरं काम करून शिकली. 'कमवा आणि शिका' ही योजना आजही विद्यापीठांत चालू आहे. मानधन थोडं असतं, पण मेसचा काही भार त्यातून निघतो. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काहीही नाही, उलट माझ्या दृष्टीनं ती आपल्या जिल्ह्याची शान आहे.

एवढं सगळं करूनही कमी पडलं तर कर्ज जरूर घ्या, मात्र उरलेल्या खड्ड्यापुरतंच. मंजूर झालं म्हणून सगळं उचलायलाच हवं असं नाही. २०२४ पासून पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असताना तीन टक्के व्याजसवलत. त्या यादीत कॉलेज नसलं तरी साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी पतहमीची सोय आहे. तेव्हा बँकेनं मामा-काकांची सही मागितलीच, तर पतहमी योजनेखाली प्रकरण का बसत नाही, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी मागा.

घरात दहावी-बारावीचं मूल असेल तर निकालाची वाट पाहू नका. एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात जाऊन नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा, डोमिसाईल आणि जातीचे कागद तपासा, बँकेत जाऊन मुलाचं खातं आधारशी जोडून घ्या. आणि दोन दिवसांत पैसे भरा म्हणणारा कोणी दारात आला, तर कॅपची शेवटची फेरी होईपर्यंत त्याला थांबायला सांगा.