बाजाराची पिशवी आणि घराचे आरोग्य

बाजारात जाताना हाती घ्यावयाची पिशवी ही इतकी परिचयाची वस्तू आहे की, तिच्याविषयी लेख लिहावयाचा म्हटल्यास वाचकांस हसू येईल. आमच्या बालपणी जुन्या धोतराची वा मांजरपाटाची पिशवी घरोघर खुंटीला टांगलेली असे. धान्याची निराळी, भाजीची निराळी. भाजीच्या पिशवीतून गूळ आणलेला आजीस मुळीच खपत नसे. मधल्या काळात प्लास्टिकच्या पातळ पिशव्या आल्या आणि ही सारी व्यवस्था विसरली गेली. पुढे कर्नाटकाने २०१६ साली व महाराष्ट्राने २०१८ साली त्यांवर बंदी घातली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून तर सबंध देशात १२० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकची हातपिशवी वर्ज्य ठरली. कापडी पिशवी परत आली, ही संतोषाचीच गोष्ट होय. परंतु ती धुण्याची रीत मात्र तिच्यासवे परत आलेली नाही, हे गल्ल्यावर बसल्या बसल्या आम्हांस रोज दिसते.

या बाबतीत अमेरिकेत झालेला एक अभ्यास ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथील संशोधकांनी कॅलिफोर्निया व ॲरिझोना या राज्यांत बाजारास आलेल्या गिऱ्हाइकांकडून ८४ पिशव्या घेऊन तपासल्या व २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे निम्म्या पिशव्यांत कोलिफॉर्म जातीचे जंतू आढळले. आणि आपली पिशवी कधीच धूत नाही, असे बहुतेक सर्वांनी सांगितले. आता या अभ्यासास द्रव्यसाहाय्य होते ते तेथील रसायन-उद्योगाच्या संघटनेचे, आणि प्लास्टिक बनविणारे तिचेच सभासद! तराजू कोणाच्या दुकानातला, हे पाहिल्यावाचून वजन मान्य करू नये, हे व्यापाऱ्यास कोणी सांगावयास नको. शिवाय हे जंतू मातीत व पानांवरही असतात. ते सापडले म्हणजे रोग जडलाच असे नव्हे. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, धुतलेल्या पिशवीतील जंतू शेकडा ९९.९ हून अधिक नाहीसे होतात. ही गोष्ट मात्र द्रव्य कोणाचेही असो, खरीच राहते.

तेथील चर्चेत मांसाच्या रसाने पिशवी बिघडते यावर भर आहे. आमच्या सभासदांच्या घरी तो प्रश्न उद्भवत नाही, म्हणून कोणी निर्धास्त होईल. पण तसे होऊ नये. मेथीच्या जुडीची माती, फुटलेल्या दुधाच्या पिशवीचे थेंब, पिकून फुटलेला टोमॅटो, आणि दुकानासमोरच्या ओल्या जमिनीवर टेकविलेला पिशवीचा तळ, एवढे जंतूंस पुरेसे आहे. ओल व उष्मा मिळाला की ते झपाट्याने वाढतात. भर दुपारी स्कूटरच्या डिकीत घडी घालून ठेवलेली ओलसर पिशवी ही त्यांची जणू उबवणीच.

पिशवी ठेवण्याच्या जागेचेही महत्त्व आहे. २०१० साली अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या मुलींचा फुटबॉल संघ परगावी सामन्यास गेला असता, एका मुलीस रात्री वांत्या व जुलाब सुरू झाले. स्नानगृहात खाऊची पिशवी ठेवलेली होती. तिने पिशवीस स्पर्शही केला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी त्यातील बिस्किटे खाणाऱ्या इतर मुली आजारी पडल्या. नोरोव्हायरस नावाचा विषाणू हवेतून पिशवीवर व आतील वेष्टनांवर बसला होता, असे तपासणाऱ्यांनी २०१२ साली लिहून ठेवले.

तथापि आम्हां व्यापाऱ्यांस जंतूंहून अधिक भय वाटावे ते विषाचे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक अन्नाच्या मालासोबत वाहून आणले गेले, ते गव्हाच्या पिठात मिसळले, आणि ते पीठ खाऊन शंभरावर माणसे दगावली. त्या अनर्थानंतरच्या विचारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. अन्नधान्यास स्पर्श होईल अशा रीतीने औषधे ठेवू वा नेऊ नयेत, आणि त्यांची रिकामी वेष्टने पुन्हा वापरात येतील अशी उघड्यावर टाकू नयेत, असे त्याखालील नियम सांगतात. तरीही काही वर्षांपूर्वी एक ओळखीचे शेतकरी आमच्याकडे तूरडाळ न्यावयास आले, ते फवारणीच्या भुकटीची रिकामी पिशवी झटकून घेऊनच! "धुतली आहे हो," असे ते म्हणाले. आम्ही माल घालण्यास नकार दिला व आमची पिशवी विनामूल्य पुढे केली. त्यांस अपमान वाटला. सहा महिने ते दुकानाची पायरी चढले नाहीत. तेवढे गिऱ्हाईक गेले ते गेले, पण त्या घरात लहान मुले होती.

धुण्याविषयी थोडे. सुती पिशवी उलटी करून, शिवणी व कोपरे चोळून, साबणाच्या गरम पाण्यात धुवावी व उन्हात कडक वाळवावी. बाजारात 'नॉन-वोव्हन' म्हणून मिळणारी पिशवी कापडासारखी दिसते, पण असते प्लास्टिकच्याच तंतूंची. ती साध्या पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवावी, उन्हाने तिचा भुगा होतो. तागाची पिशवी वरचेवर धुणे सोसत नाही. ती कोरड्या धान्यापुरतीच राखावी. वजनदार पिशवी स्कूटरच्या हँडलला लटकवू नये, हेही जाता जाता सांगतो. वळणावर ती चाक वळू देत नाही.

गेल्या दिवाळीपासून आम्ही आमच्या पिशवीवर पेढीच्या नावाखाली "आठवड्यास एकदा धुवावी, भाजीस निराळी ठेवावी" एवढी ओळ छापून घेतो. छपाईचा खर्च वाढत नाही. मात्र शाई धुण्यात टिकणारी घ्यावी. पहिल्या खेपेस आम्ही स्वस्तातली घेतली, आणि धुवा म्हणणारी ती ओळ पहिल्याच धुण्यात निघून गेली.